धामणदऱ्याचा टॉवर आणि वाघमारे ताई

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य वाघमारे ताईंनी अकरा वर्षांच्या नोकरीत एकदाही म्हटलं नाही. खरं तर म्हणणं सक्तीचं होतं. तक्रार विभागात प्रत्येकाच्या टेबलासमोर ते छापून चिकटवलेलं असे. ताईंनी आपल्यासमोरचा कागद काढून उलटा चिकटवला होता आणि कोऱ्या बाजूवर निरनिराळ्या एसटी डेपोंचे फोन नंबर लिहून ठेवले होते. सुपरवायझरने एकदा जाब विचारला, तर म्हणाल्या, महत्त्वाचा असता तर आपण माणसाला दहा मिनिटं गाणं ऐकवत ठेवलं असतं का? सुपरवायझर वयाने त्यांच्या मुलीएवढा. तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

त्या फोन उचलून म्हणायच्या, "हां, बोला, मी वाघमारे." समोरच्याने नाव-गाव सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. आत्ता कुठे उभे आहात? आणि त्यावरचा दुसरा, तिथून समोर काय दिसतंय?

आमची मोबाइल कंपनी छोटी होती. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, त्यातही तालुक्याच्या गावापुढे, मोठ्या कंपन्यांना जिथे टॉवर उभारण्यात रस नव्हता तिथे तिचं जाळं होतं. गावाकडे तिच्या सिमकार्डाला 'हिरवं कार्ड' म्हणत. ऑफिस मात्र अंधेरीला, एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याचे खोके करणारा कारखाना होता, त्यामुळे आमच्या कपड्यांना कायम खळीचा वास यायचा. मुंबईचा परवाना नसल्यामुळे आमचं कार्ड आमच्याच ऑफिसात चालत नसे. चालवायचं तर रोमिंगवर. आम्ही सगळे दुसऱ्या कंपन्यांचे फोन वापरायचो. एकट्या ताईंनी हिरवं कार्ड घेतलं होतं आणि ते रोमिंगवर चालू ठेवलं होतं. जे आपण विकतो ते खिशात नको का, असं त्यांचं म्हणणं.

मी टॉवरच्या आखणीच्या विभागात इंजिनिअर होतो. कुठे टॉवर उभा करायचा, त्याचं तोंड कुठे करायचं, हे काम. आमच्या आणि तक्रार विभागाच्या मधे एक काचेचं दार होतं. ते उघडून आमच्याकडे येणारं तिकडचं माणूस एकच, ताई. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, केस घट्ट बांधलेल्या, पायात रबरी चपला. ऑफिसला यायच्या त्या सँडल घालून, पण टेबलाखाली चपला ठेवलेल्या असत. दिवसभर बोलायचं तर पाय मोकळे हवेत म्हणायच्या. हेडफोन एकाच कानावर. दुसरा कान खोलीसाठी. त्यामुळे फोनवर बोलता बोलता त्या शेजारच्या मुलीलाही सांगत असत की अगं, त्याला कार्ड काढून परत घालायला सांगू नकोस, तो म्हातारा आहे, त्याच्या हातून खाली पडेल.

त्या विक्रोळीच्या. वडील जालन्याकडून कारखान्यात कामाला आलेले. ताईंचा जन्म, शाळा, लग्न, सगळं विक्रोळीतच झालं. शनिवारी तिथल्या बुद्धविहारात मुलांना गणित शिकवायच्या. गावात त्या कधी राहिल्याच नव्हत्या. मी एकदा म्हटलं की तुम्हाला गावांची इतकी माहिती कशी, तर म्हणाल्या, "मला काही माहीत नाही म्हणूनच विचारते ना. तुम्हा लोकांना सगळं माहीत असतं."

विचारून मिळालेलं त्या उतरवून ठेवत. शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या वह्या असतात, तसल्या वह्यांत. एका पानावर एक गाव. वर डोंगराची रेघ, मधे देऊळ, शाळा, विहीर, पिंपळ, कोणाचं तरी पत्र्याचं घर. जिथे उभं राहिलं की फोन लागतो तिथे फुली. चित्र फार बेताचं. झाडं सगळी एकसारखी, देवळाचा कळस शाळेपेक्षा मोठा. पण ती वही उघडली की त्या गावात बाई कुठून पाणी आणते आणि फोन करायला कुठे जाऊन उभी राहते, हे दिसायचं.

मला पहिली वही दिसली ती आंबेखिंडीच्या वेळी. पावसाळ्याचे दिवस, तीन दिवस त्या गावाहून तक्रारी येत होत्या. आमच्या पडद्यावर तो टॉवर व्यवस्थित चालू दिसत होता. ताई काचेच्या दारातून वही घेऊन आल्या आणि माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"परब, हे बघ. शाळेतल्या गुरुजींना आवाज येतोय. उंबराखालच्या बाईला येत नाही. गेल्या महिन्यापर्यंत उलटं होतं."

मी सांगितलं, मॅडम, पडद्यावर सगळं ठीक आहे.

"पडद्याला काय कळतंय? पडदा एसीत बसलाय."

दुसऱ्या दिवशी माणूस टॉवरवर चढला. वाऱ्याने अँटेनाचा पट्टा ढिला होऊन ती फिरली होती आणि तिचं तोंड गावाऐवजी शाळेकडे झालं होतं. तिची ताकद तीच, यंत्रं चालू, म्हणून पडद्याला काही कळलं नव्हतं. ताईंना हे सांगायला मी गेलो तेव्हा त्या जेवत होत्या. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, वर खर्डा. त्या दिवसापासून मी त्यांना मॅडम म्हणायचं सोडलं.

एक फोन अडीच मिनिटांत संपवायचा असा नियम होता. ताईंचे फोन आठ-आठ, दहा-दहा मिनिटं चालत. महिन्याच्या तक्त्यात त्यांचं नाव नेहमी तळाला असे. पण त्यांच्याशी बोललेलं माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा फोन करत नसे, हे मोजायची सोय त्या तक्त्यात नव्हती. ते त्यांना खटकत नसे. खटकायचे शब्द. मीटिंगमध्ये कोणी 'सबस्क्रायबर' म्हटलं की त्या मुद्दाम विचारायच्या, म्हणजे माणसंच ना?

धामणदरा हे नाव ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं ते त्यांच्यामुळे. नगर जिल्ह्याच्या डोंगरात, तीन बाजूंनी उभे कडे आणि मधे खोलगट दरीत वसलेलं गाव. आमच्या कंपनीने कड्याच्या सोंडेवर टॉवर उभा केला तेव्हा तिथे पहिल्यांदा फोन लागू लागले. त्या गावची आशा कार्यकर्ती कुसुम. बाळंतिणींची नोंद ठेवायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं, पोरांना डोस पाजायला न्यायचं, ही तिची कामं. टॉवर नवा असताना काही ना काही बिघडायचं, कुसुम फोन करायची, आणि फोन ताईंकडे जोडला गेला नाही तर ठेवून द्यायची. होता होता ताईंनी तिला स्वतःचा नंबर देऊन टाकला. तेही नियमाबाहेरचं.

एका दिवाळीच्या सुट्टीत ताई मुलीला, प्रज्ञाला, घेऊन धामणदऱ्याला जाऊन आल्या. आल्यावर आठवडाभर दुसरं काही बोलल्या नाहीत. रस्ता सोंडेच्या पायथ्याशी संपतो, पुढे पाऊण तास चालायचं. टॉवरपाशी गावातल्या बायकांनी त्यांना नारळ फोडायला लावला. एक बाई रोज संध्याकाळी कड्यावर चढून भोसरीला असलेल्या मुलाशी बोलायची, तिचे गुडघे गेले होते; आता ती चुलीपाशी बसून बोलते. ताई हे सांगताना हसत होत्या, आणि मधेच एकदम म्हणाल्या, "परब, हे बंद पडता कामा नये रे."

मग कंपनी विकली गेली.

ते होणारच होतं. मोठ्या कंपन्यांनी इंटरनेट इतकं स्वस्त केलं की आमच्यासारखीला टिकून राहणं जमेना. नव्या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, विकत घ्यायला भांडवल लागतं, ते मालकांकडे नव्हतं. एक दिवस आम्हाला विमानतळाजवळच्या हॉटेलात बोलावलं, गळ्यात नव्या रंगाच्या फिती घातल्या, केक कापला. विलीनीकरणाने सगळ्यांचा फायदा कसा आहे हे पडद्यावर दाखवलं. शेवटी काही प्रश्न आहेत का असं विचारलं तेव्हा ताईंनी हात वर केला. आमच्या गावांचे टॉवर राहतील ना? व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले की एकही ग्राहक मागे राहणार नाही. ताई उभ्याच राहिल्या. हे लेखी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. लोक हसले. मीही हसलो.

बंद करायच्या टॉवरची यादी मी केली. नियम सोपा होता. दोन्ही कंपन्यांचे टॉवर जवळजवळ असतील तिथे एक ठेवायचा, एक उतरवायचा. एकाच गावासाठी दोन टॉवर कशाला चालवायचे, यात चूक काही नव्हती. फक्त अंतर सरळ रेषेत मोजलेलं होतं. मोठ्या कंपनीचा टॉवर राजेवाडीला होता, धामणदऱ्यापासून चार किलोमीटरवर. मधे आठशे फुटांचा कडा. संगणकाच्या नकाशात राजेवाडीच्या टॉवरचा हिरवा रंग कड्यावरून सरळ पलीकडे सांडलेला दिसत होता, कारण त्या नकाशाला डोंगरांची उंची फार ढोबळ माहीत होती. खात्री करायची पद्धत म्हणजे गाडीत यंत्र ठेवून रस्त्याने फिरायचं आणि सिग्नल मोजायचा. धामणदऱ्याला रस्ताच जात नव्हता. तेव्हा गाडी कड्याच्या राजेवाडीकडच्या बाजूला रस्ता होता तिथवर गेली, तिथे सिग्नल मिळाला, आणि अहवालात गाव व्यवस्थित आलं.

ताईंना यादीचा सुगावा लागला. त्या माझ्याकडे आल्या, यादी मागितली, आणि मी दिली. पुढचे चार दिवस त्या फोन संपले की थांबून वह्या आणि यादी ताडून बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी नव्या साहेबांची वेळ घेतली. साहेब सभ्य माणूस होता. त्याने वीस मिनिटं ऐकून घेतलं, वह्यांची पानं उलटली, ताईंच्या तळमळीचं मनापासून कौतुक केलं. मग नकाशाकडे बोट करून म्हणाला, पण मॅडम, इथे आपलं कव्हरेज दिसतंय. ताई म्हणाल्या, मधे डोंगर आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"परब, तुम्हारा क्या कहना है?"

मला कडा माहीत होता. मी स्वतः कागदावर त्याची उंची पाहिली होती. पण नव्या कंपनीत आमच्या विभागातले कोण राहणार आणि कोण जाणार याची दुसरी एक यादी त्याच टेबलावर तयार होत होती. मी म्हटलं, "सर, मॉडेल के हिसाब से तो कव्हरेज आता है."

खोटं नव्हतं ते. मॉडेलप्रमाणे येतच होतं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वह्या गोळा करायला लागल्या.

त्या वह्यांमुळे यादीतली सात गावं तरी वाचली, जिथे माझ्या शब्दाची गरज पडली नाही. धामणदरा त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवली. त्या मीटिंगबद्दल एक शब्द काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी ती भाकरी खाल्ली. कशी खाल्ली ते आठवत नाही.

टॉवर बंद होण्याआधी लोकांना एक संदेश जाणार होता, आता तुम्हाला अधिक चांगलं नेटवर्क मिळेल असा. ताईंनी तो जायच्या आत डोंगराआडच्या गावांतल्या आपल्या ओळखीच्या माणसांना एकेक करून फोन लावले. मी काचेच्या या बाजूने पाहत होतो. कुसुमशी त्या फार वेळ बोलल्या नाहीत. दार उघडं होतं म्हणून शेवटचं वाक्य मला ऐकू आलं. "मला काही करता आलं नाही गं. तू हे दुसऱ्या कोणाकडून ऐकू नयेस, म्हणून फोन केला."

महिन्याभरात धामणदऱ्याचा टॉवर बंद झाला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तक्रार विभागही. ते काम दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या केंद्राकडे गेलं. तिथली मुलं मराठी बोलायची, पण आठशे किलोमीटरवर बसून. ताईंचा निरोप समारंभ वगैरे झाला नाही. एकदम तीसेक जणांना सोडलं, कोणाकोणाचा करणार. त्यांनी चपला आणि वह्या पिशवीत भरल्या. खाली फाटकावर रखवालदाराने अडवलं. कंपनीचे कागद बाहेर न्यायला परवानगी लागते. ताईंनी एक वही उघडून त्याला दाखवली. झाडं, देऊळ, डोंगर. तो म्हणाला, मुलांच्या आहेत का? ताई म्हणाल्या, हो. आणि गेल्या.

मी नोकरीत राहिलो.

पुढच्या वर्षी भाद्रपदात एके दुपारी रिसेप्शनवरून फोन आला की कोणी वाघमारे म्हणून आल्यात. मी खाली गेलो. ताई वाळल्या होत्या. विक्रोळीला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करत होत्या, तिथून अर्धी सुट्टी टाकून आल्या होत्या. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. चहा हातात आल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली.

धामणदऱ्यात एका पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. सासरचे घरीच करू म्हणत होते. कुसुमने महिनाभर त्यांच्या पाठी लागून त्यांना दवाखान्यासाठी तयार केलं होतं. वेळ आली की मी फोन करीन, गाडी पायथ्याला येईल, आपण झोळीतून तिला खाली नेऊ, असा शब्द दिला होता. दुपारी कळा सुरू झाल्या. गावात फोन लागेना. कुसुम पावसात कडा चढली. निसरडं, वाटेत दोनदा पडली. वर पोचायला तास लागला, तिथून राजेवाडीची रेंज मिळाली, गाडी निघाली. गाडी वेळेवर आली असं कुसुमचंही म्हणणं होतं. पण वर चढण्यात तो तास गेला होता. पोरगी पायथ्याच्या वाटेवरच मोकळी झाली.

"पोरगी वाचली," ताई म्हणाल्या. "बाळ नाही."

मी म्हटलं की कदाचित तसंही झालं असतं.

"असेल. डॉक्टरही तसंच म्हणाले. पण आता गावात कुसुमला कोणी दार उघडत नाही. तिचं ऐकून झोळीत घातलं, घरी राहिलो असतो तर, असं म्हणतात. तिने काल कड्यावरून मला फोन केला. काही मागितलं नाही. नुसती रडत होती."

ताईंना एक कागद हवा होता. त्या दूरसंचार खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार होत्या. मधे डोंगर आहे आणि राजेवाडीचा सिग्नल पलीकडे उतरू शकत नाही, हे कोणा इंजिनिअरने लिहून द्यायला हवं होतं. "मी लिहिलं तर गोष्ट वाटेल. तुमच्या भाषेत तू लिही."

मी दोन दिवस मागितले. मन लावून लिहिलं. कड्याची उंची, दोन्ही ठिकाणांची अंतरं, सिग्नलची वाट अडते कशी त्याची आकृती. इतकं नीट काम मी ऑफिसासाठीही क्वचित केलं असेल. तिसऱ्या दिवशी त्याच टपरीवर तो कागद ताईंना दिला. त्यांनी सावकाश वाचला, आकृतीवर बोट फिरवलं, कागद उलटून पाठीमागे पाहिलं.

"सही?"

मी सांगायला लागलो. मी त्याच कंपनीत आहे, ती यादी माझ्याच नावाची आहे, मुलुंडच्या घराचे हप्ते आहेत, आणि आत्ता बायकोला सातवा महिना चालू आहे.

ताईंच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो मी. असता तर सोपं गेलं असतं.

"सातवा?" त्या म्हणाल्या. "मग तिला जिने चढू देऊ नकोस फार." आणि त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवला. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

बिनसहीच्या त्या कागदाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. ताई मात्र थांबल्या नाहीत, एवढं प्रज्ञाकडून नंतर कळलं. लॅबमधून निघायचं, एखादं ऑफिस गाठायचं, अर्जाची पोच घ्यायची, पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. असं दीड-दोन वर्षं. एका ऑफिसातला कारकून त्यांना पाहून उठून उभा राहायचा म्हणे, आदराने की कंटाळ्याने ते त्यालाच माहीत. तक्रार ऐकून घ्यायची किती निरनिराळी तंत्रं असतात ते आता दुसऱ्या बाजूने कळतंय, असं त्या घरी सांगायच्या.

गेल्या वर्षी ताई गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला. लॅबच्या काउंटरवर एका बाईला तिचा रिपोर्ट समजावून सांगताना. अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. विक्रोळीच्या विहारातल्या पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. शनिवारी गणित शिकलेली मुलं आता मोठी झालेली, ती बोलली. मला बोलणार का म्हणून विचारलं, तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं.

त्यानंतर सात महिन्यांनी धामणदऱ्याच्या सोंडेवर पुन्हा टॉवर चालू झाला, सरकारी योजनेतून. त्या योजनेत पुष्कळ गावं होती. ताईंच्या अर्जांमुळे हे गाव त्यात आलं, की ते येणारच होतं, हे सांगता येणार नाही. मी ऑफिसातून शोधायचा प्रयत्न केला, कळलं नाही. कुसुमने घरात बसून पहिला फोन ताईंच्या नंबरवर केला. तो आता प्रज्ञा वापरते. ताई नाहीत हे कुसुमला तोपर्यंत माहीत नव्हतं. प्रज्ञाने मला हे फोनवर सांगितलं.

मी ताईंना शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या वर्षभर आधी, घाटकोपरला. सकाळी साडेदहाचा सुमार, मी मेट्रोने अंधेरीला निघालो होतो. जिन्यापाशी ताई दिसल्या. बरोबर चाळिशीची एक बाई, नऊवारी, पायात नव्या कोऱ्या चपला, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. एका ऑफिसात त्यांना बोलावलं होतं, गावातलं कोणी समक्ष येऊन सांगेल का म्हणून. ती बाई म्हणजे कुसुम, हे मला ताईंनी सांगायच्या आधीच कळलं. तिथून मुकाट्याने निघून जावं असंही मनात आलं. पण ताईंनी पाहिलं होतं.

"कुसुम, हे परब," त्या म्हणाल्या. "आमच्या ऑफिसातले. टॉवरचं काम बघायचे."

कुसुमने पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. तुमच्यामुळं तवा आमच्याकडं रेंज होती, म्हणाली. मी ताईंकडे पाहिलं. ताई जिन्याकडे बघत होत्या. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. मीही नाही.

मग ताईंनी विचारलं, काय झालं, मुलगा की मुलगी? मी म्हटलं, मुलगी, आता दीड वर्षाची होईल. कुसुमचा चेहरा एकदम उजळला. तिने मला विचारलं, जन्माला वजन किती भरलं होतं? मला नक्की आठवत होतं. तीन किलो शंभर. "लय चांगलं," ती म्हणाली, आणि डोस सगळे झालेत ना, हेही विचारलं. मी हो म्हटलं.

उशीर होत होता. सरकता जिना पाहून कुसुम बिचकली, एक पाय पुढे करून मागे घेतला. ताईंचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, तरी त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला शेजारच्या साध्या जिन्याकडे नेलं. मी सरकत्या जिन्यावर उभा राहिलो. जिना मला आपोआप वर नेत होता, आणि त्या दोघी खालून एकेक पायरी चढत होत्या. मधे थांबून ताईंनी श्वास घेतला. कुसुमने कागदांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात ताईंच्या पाठीवर ठेवला.